बडोद्याहून बोसबान: खणून काढलेलं दोन हजार मीटर पाणी

बडोद्यात रोइंग, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींची शर्यत, का नाही, असं विचारलं की कुणीही एका शब्दात उत्तर देतो: मगरी. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या बाबतीत ते खोटंही नाही. पण मगरी क्षणभर बाजूला ठेवल्या तरी अडचण राहतेच. शहरातल्या सूरसागर तलावात आठ जणांची बोट सोडली तर वीस-पंचवीस वल्ह्यांत समोरच्या पायऱ्या येतील. आजवा जलाशय ऐसपैस आहे, पण त्याची पातळी ऋतूबरोबर फुटाफुटाने चढते-उतरते आणि वारा अडवायला काही नाही. नर्मदेचा 458 किलोमीटरचा मुख्य कालवा शहराजवळून जातो. रुंद आहे, लांबच लांब सरळही आहे. पण ते पाणी वाहतं, आणि सिमेंटच्या उतरत्या काठावरून पडलेल्या माणसाला हाताला धरायला काही नसतं. म्हणजे पाणी आहे, पण कोर्स, म्हणजे शर्यतीसाठी आखलेलं सरळ, शांत पाणी, नाही. कोर्स बांधावा लागतो.

खास रोइंगसाठी असा कोर्स बांधायची सुरुवात जिथून झाली ती जागा म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमची बोसबान. ‘बोस’ म्हणजे जंगल, ‘बान’ म्हणजे धावपट्टी. 1936 साली खणून तयार झालेला हा जगातला सर्वात जुना कृत्रिम रोइंग कोर्स. जूनअखेर सहा दिवसांत तो, त्याच्या आधीचा कालवा आणि त्याच्या नंतरचा रॉटरडॅमजवळचा कोर्स, असं तिन्ही बघून झालं. पुढचं टिपण त्याच क्रमाने.

आधी थोडं कामाचं. शेंगेन व्हिसाची तारीख मिळायला उन्हाळ्यात वेळ लागतो, तेव्हा दोन-अडीच महिने हातात ठेवा. तिथे ट्रॅम, बस, मेट्रो, रेल्वे सगळीकडे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. चढताना टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे नवरा-बायकोला दोन कार्डं लागतात. आणि हो, जून असला तरी विंडचीटर घ्याच.

बुधवार: स्टेडियम, आणि बोसबान का झाली

विमान उतरतं तेच मुळी एका तळ्याच्या तळाशी. स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीन मीटरहून अधिक खाली आहे. इथे पूर्वी हार्लेमर्मेर नावाचं अफाट तळं होतं. भोवती कालवा खणून, वाफेच्या पंपांनी तीन वर्षं उपसा करून 1852 मध्ये ते कोरडं केलं. त्या कालव्याचं नाव रिंगफार्ट. उद्या तिथेच जायचंय.

पहिल्या दिवशी झोप अनावर होते. हॉटेलात आडवं पडलात की दिवस गेला, म्हणून दुपारी सरळ 1928 च्या ऑलिंपिक स्टेडियमवर जावं. यान विल्स या वास्तुकाराचं लाल विटांचं काम आहे. तेव्हा ऑलिंपिकमध्ये कलेच्याही स्पर्धा असत, आणि वास्तुकलेचं सुवर्णपदक विल्सला याच इमारतीसाठी मिळालं. ऑलिंपिकची ज्योत पहिल्यांदा पेटली ती इथल्या मनोऱ्यावर. आपल्या माणसाचे पाय मात्र वेगळ्या कारणाने थबकतात. 26 मे 1928 ला याच मैदानावर भारताने यजमान हॉलंडला 3-0 हरवून हॉकीचं पहिलं सुवर्ण घेतलं. ध्यानचंदने त्या स्पर्धेत 14 गोल केले होते.

याच ऑलिंपिकचं रोइंग मात्र स्टेडियमपासून काही किलोमीटरवर, स्लोटन गावाजवळ रिंगफार्टवर उरकावं लागलं. शहराकडे दुसरी जागाच नव्हती. बोसबानची गोष्ट त्या अडचणीतून सुरू होते.

रात्री जेवायला सुरीनामी रोटीचं दुकान शोधा. शहरात पुष्कळ आहेत. 1873 पासून बिहार-उत्तर प्रदेशातून सुरीनामला मजूर म्हणून नेलेल्या लोकांची ही पोरं-नातवंडं. मोठी मऊ रोटी, बटाट्याची रस्सेदार भाजी, लांब चवळीच्या शेंगा आणि उकडलेलं अंडं. अंडं नको म्हटलं तर शेंगा वाढवून देतात. काउंटरवरच्या बाई सर्नामी बोलत होत्या. कान देऊन ऐकलं तर भोजपुरीचा ठेका ओळखू येतो. आमचं हिंदी त्यांना कळलं आणि त्यांचं आम्हाला निम्मं कळलं. तेवढ्यावर मिरचीची चटणी दोनदा मिळाली. ती जपून घ्या, आपल्या ठेच्याला हसत हसत मागे टाकते.

गुरुवार: स्लोटनचा कालवा

स्लोटन आता शहरातच आलंय, पण गल्ल्या अजून गावाच्या आहेत. गावाबाहेर पवनचक्की आहे. ती दळत नाही, पाणी उपसते. कालव्याच्या बांधावर चढलात की पहिला धक्का बसतो: पाणी वर आणि शेतं खाली. पलीकडच्या घरांच्या खिडक्यांच्या रांगेत बोट जाताना दिसते.

रोइंग जाणणाऱ्याला इथे उभं राहिल्यावर 1928 ची अडचण डोळ्यांनी दिसते. वल्हं धरून सिंगल स्कलची, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीची, रुंदी साडेपाच-सहा मीटर भरते, आठ जणांच्या बोटीची त्याहून जास्त. शेजारच्या बोटीच्या वल्ह्याला वल्हं लागू नये, लाट अंगावर येऊ नये, म्हणून आज एका लेनला साडेतेरा मीटर धरतात. सहा लेनना 81 मीटर. रिंगफार्टवर एका वेळी दोनच बोटी सोडता येत होत्या. दोन-दोन बोटींच्या शर्यती म्हणजे फेऱ्यांची रांग वाढते, दिवस वाढतात. पहिल्याच फेरीत तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर आलेला चांगला संघ बाहेर जाऊ नये म्हणून हरलेल्यांना दुसरी संधी द्यावी लागते. त्या फेरीला ‘रेपेशाज’ म्हणतात आणि ती 1928 ला इथे वापरली होती. अरुंद पाण्याने लावलेली सवय रुंद पाण्यावरही टिकली.

त्या काळी सगळ्यांचं असंच चाले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचं रोइंग ग्रुनाऊच्या नैसर्गिक तळ्यावर झालं, 1948 चं लंडनचं थेम्सवर हेन्लीला, तेही तीनच बोटींच्या रुंदीत. नदी म्हटली की प्रवाह आला. मधल्या लेनला एक वेग, काठाच्या लेनला दुसरा. वळणावर आतला सुखी, बाहेरचा दुःखी. हरलेल्याने पाण्याला दोष दिला तर त्याला खोटं ठरवता येत नसे.

स्लोटनला अर्धा दिवस पुरतो. दुपारनंतर सायकली ताब्यात घ्या आणि रिकाम्या रस्त्यावर सराव करा. भाड्याच्या बऱ्याच डच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पेडल उलटं मारलं की चाक थांबतं. आपल्याला रिकामं पेडल मागे फिरवायची सवय असते, त्यामुळे पहिल्या तासात भर चौकात सायकल जागीच थबकते आणि मागचा डच माणूस घंटी वाजवतो. खोगीरही उंच असतं. कमी उंचीच्या बायकांनी दुकानातच मुलांची मोठी सायकल मागावी, त्यात कमीपणा नाही.

शुक्रवार: बोसबान

जंगलाच्या पूर्वेच्या तोंडाशी पोचलात की झाडी एकदम संपते आणि समोर सरळ पाणी पसरतं. सुमारे 2200 मीटर लांब, 118 मीटर रुंद. शर्यतीचे 2000, उरलेले सुरुवातीच्या मागे वळायला आणि शेवटच्या रेषेपुढे थांबायला. आठ जणांची बोट सेकंदाला सहा मीटरने रेषा ओलांडते. तिला ब्रेक नसतो, म्हणून पुढे मोकळं पाणी लागतंच. रोजच्या दिवशी प्रवेश फुकट. सार्वजनिक बागच आहे ही, फक्त एक हजार हेक्टरांच्या आसपासची.

आणि हे सगळं जंगल लावलेलं आहे. इथे पोल्डर होते, म्हणजे बांध घालून उपसलेली सखल शेतं. शहराने 1928 मध्ये जंगल करायचं ठरवलं. आराखडा कॉर्नेलिस व्हान ईस्टेरेन आणि याकोबा मुल्डर यांचा. प्रत्यक्ष काम 1934 ला सुरू झालं ते मंदीत. हजारो बेकारांना काम द्यायचं म्हणून यंत्रं शक्यतो बाजूला ठेवली आणि फावडं व हातगाडीवर खणाई चालली. छप्पनच्या (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळात आपल्याकडे तलाव-रस्त्यांची कामं काढली, नंतर महाराष्ट्रात रोजगार हमी आली, तीच ही जात. हातगाडी ढकलणाऱ्यांत कारकून होते, शिंपी होते. मजुरी तुटपुंजी. कोर्सच्या सौंदर्याबद्दल लिहिणारे हा भाग एका ओळीत उरकतात, ते बरोबर नाही.

हिशेब करून बघा. आजच्या मापाचा, म्हणजे 2200 बाय 118 मीटरचा चर तीन मीटर खोल खणायचा तर पावणेआठ लाख घनमीटर माती निघते. एका हातगाडीत 70 लिटर माती धरली तर एक कोटीच्या वर खेपा. मूळ चर याहून अरुंद होता, पण कामाचा अंदाज येतो.

खणण्यापेक्षा कठीण काम पातळी राखण्याचं. सखल जमिनीत चर खणला की पाणी आपोआप येतं, थांबत मात्र नाही. झाडं लावायची तर मुळांखालची जमीन कोरडी हवी, म्हणून जंगलाखाली भाजलेल्या मातीच्या निचरा-नळ्यांचं जाळं टाकलं. शेजारी काही पावलांवर बोसबानचं पाणी मात्र ठरावीक पातळीला हवं. आजवा 212 फुटांना टेकला की बडोद्यात फोन सुरू होतात. इथे असे आकडे बारा महिने पाहिले जातात, आणि मोजतात ते ‘एनएपी’ या अ‍ॅम्स्टरडॅमच्या शून्यापासून. या शून्याचा पितळी खुंटा शहराच्या नगरपालिकेच्या इमारतीत बघायला मिळतो. वाटेत असेल तर वाकडी वाट करा.

कोर्स एकदा खणला आणि झालं, असं मात्र नाही. बोसबानचा इतिहास म्हणजे रुंद होत जाण्याचा इतिहास आहे. 1954 ला इथे युरोपियन स्पर्धा झाली. स्त्रियांच्या अधिकृत युरोपियन शर्यती त्या वर्षी सुरू झाल्या. 1964 ला पुन्हा युरोपियन स्पर्धा आली तेव्हा कोर्स सहा लेनचा केला. 1977 ला जागतिक स्पर्धा झाली. तोवर जगात नवे कोर्स आले होते: म्युनिकचा 1972 चा 140 मीटर रुंद, मॉन्ट्रियलचा 1976 चा. त्यांच्यापुढे ही म्हातारी अंगाला घट्ट वाटू लागली. 2001 मध्ये काठ पुन्हा खणून आठ लेन केल्या. त्यातली एक सुरुवातीकडे जाणाऱ्या बोटींसाठी सोडतात. साडेतेरा गुणिले आठ म्हणजे 108, वर दोन्ही काठांना थोडी थोडी मोकळीक, झाले 118. ऑगस्ट 2014 मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा आली ती या रुंदीमुळे.

जपानच्या तोदा कोर्सला हे भाग्य लाभलं नाही. 1940 च्या ऑलिंपिकसाठी तो खणला, युद्धामुळे ते ऑलिंपिकच झालं नाही. 1964 ला कामी आला. 2020 च्या वेळी मात्र तो आजच्या मापात बसेना आणि समुद्रात भरावाच्या बेटांमध्ये नवा कोर्स बांधावा लागला. शेजारी जागा राखून ठेवली नाही की कोर्स पन्नास-साठ वर्षांत जुना होतो. आपल्याकडे कुठे कोर्स आखायचा झाला तर पहिली गोष्ट हीच लिहून ठेवावी: दोन्ही काठांना रस्ता, इमारत, भिंत काही नको.

दुपारी पोटाची सोय जंगलातच होते. मेरझिख्त नावाचं शेतघर आहे, तिथे थाळीएवढे पॅनकेक मिळतात. सफरचंदाचा घ्या किंवा चीजचा, अंड्याशिवाय मात्र होत नाहीत. अंडंही न खाणाऱ्यांनी लीलो चेवडो आणि भाकरवडी सोबत ठेवावी. आम्ही ठेवली होती आणि ती पॅनकेक खाणाऱ्यांनीच संपवली. पुढे शेळ्यांचा गोठा आहे, लहान मुलं असतील तर तिथे दीड तास जातो हे धरून चला. सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, घाई कसलीच नाही. एक खोट मात्र सांगायला हवी: स्खिपोलची एक धावपट्टी याच दिशेला आहे. ती चालू असली की दर काही मिनिटांनी विमान डोक्यावरून जातं आणि बोलणं अर्ध्यावर राहतं.

शनिवार: शर्यतीचा दिवस

जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला इथे ‘हॉलंड बेकर’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. 1886 पासूनची आहे, म्हणजे कोर्सपेक्षा पन्नास वर्षांनी मोठी. तारखा दरवर्षी सरकतात, तिकिटं काढण्याआधी बघून घ्या.

सगळे शेवटच्या रेषेपाशी बसतात. तिथे शेवटचे दोन-अडीचशे मीटर दिसतात, आरडाओरडा असतो, कॉफी असते. पण कोर्स कसा चालतो ते बघायचं तर सकाळी पश्चिमेच्या टोकाला, सुरुवातीला जा.

तिथे पाण्यात तरंगते धक्के आहेत, प्रत्येक लेनला एक. धक्क्यावर एक जण पालथा पडून बोटीचं मागचं टोक हातात धरतो. बोटी निरनिराळ्या लांबीच्या: सिंगल आठ मीटरच्या आसपास, आठ जणांची सतरा-अठरा. सगळ्यांची नाकं एका रेषेत यायला हवीत, म्हणून धक्क्याची जीभ पुढे-मागे सरकते. बाजूच्या खोपटात बसलेला पंच नाकं जुळली की खूण करतो. मग लाल दिवा, मग हिरवा आणि भोंगा. एका शर्यतीत दोनदा आधी सुटलात तर बाद.

बिघडतं ते आडव्या वाऱ्यात. सिंगलचं किमान वजन 14 किलो असतं. आडवा झोत आला की मागून धरलेल्या बोटीचं नाक फिरतं. धरणारा काही करू शकत नाही, वल्हवणाऱ्यालाच हलके हलके एका वल्ह्याने नाक वाऱ्याकडे ठेवावं लागतं. एकाचं जुळेपर्यंत दुसऱ्याचं सुटतं, आणि अशा दिवशी वेळापत्रक घसरतं. सुरुवातीच्या धक्क्यापाशी बसलेल्या एका निवृत्त पंचांनी सांगितलं की त्यांची निम्मी कारकीर्द वाऱ्याकडे बघण्यात गेली. ते बोलत असतानाही त्यांची नजर समोरच्या झाडांच्या शेंड्यावरच होती.

झाडं हा इथला जुना वाद. बोसबान जंगलात आहे म्हणून वारा अडतो, असं वाटतं. अडतो, पण सगळीकडे सारखा नाही. वाऱ्याकडच्या काठाजवळची लेन आडोशाला, दूरची उघड्यावर. झाडीत फट असेल तिथे झोत घुसतो, म्हणजे एकाच लेनमध्ये शंभर मीटर शांत आणि पुढचे पन्नास खवळलेले. वारा फार तिरका झाला की चांगल्या लेन आधीच्या फेरीत पुढे आलेल्यांना देतात. फार उलटा झाला तर वेळा बदलतात. मागून वारा असला की चैन. 2014 ला मागून वारा लागला आणि दक्षिण आफ्रिकेच्या लाइटवेट डबलने (कमी वजनाच्या गटातल्या दोघांच्या बोटीने) 6 मिनिटं 5.36 सेकंदांची वेळ दिली. ती मोडली 2021 मध्ये टोकियोच्या नव्या कोर्सवर, आयर्लंडच्या जोडीने, 0.03 सेकंदाने. वारा-पाणी दर ठिकाणी वेगळं म्हणून रोइंगमध्ये ‘विश्वविक्रम’ म्हणत नाहीत, ‘जगातली सर्वोत्तम वेळ’ म्हणतात.

लेन आखणारे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, नीट बघा. पृष्ठभागाखाली कोर्सच्या लांबीभर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांना दोरीने बोये बांधलेले असतात. ही पद्धत 1960 च्या रोम ऑलिंपिकला अल्बानो तळ्यावर आली, म्हणून तिला अल्बानो म्हणतात. पहिले 100 मीटर आणि शेवटचे 250 मीटर बोयांचा रंग वेगळा असतो. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, त्याला शेवट दिसत नाही, पण बाजूने रंग बदलला की कळतं, आता राखून ठेवायचं काही नाही. तार सैल पडली तर आडव्या वाऱ्यात लेन धनुष्यासारखी वाकते आणि सरळ जाणारी बोट बोयावर वल्हं मारते. म्हणून तारांचा ताण स्पर्धेआधी तपासतात. दुसरी डोकेदुखी पाणवनस्पती. उथळ, शांत, उन्हाळ्यात तापणारं पाणी म्हणजे शेवाळाला आंदणच. बोटीच्या तळाच्या पात्याला एक दोरा गुंडाळला तरी वेग पडतो आणि वल्हवणाऱ्याला कारण कळत नाही.

खोलीचं गणितही इथे डोळ्यांनी दिसतं. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला मर्यादा असते: दोन मीटर खोलीला सेकंदाला सुमारे 4.4 मीटर, साडेतीन मीटरला 5.9. बोट त्या वेगाच्या जवळ गेली की आपणच उठवलेल्या लाटेवर चढत बसते. चांगला सिंगल 4.8 ने जातो, आठ जणांची बोट 6 ने. म्हणून नवे कोर्स तीन-साडेतीन मीटर खोल करतात. खोली कमी असलीच तर निदान सर्व लेनना सारखी असावी, नाहीतर एका लेनला चढ आणि शेजारच्या लेनला सपाटी.

सायकलवरून शर्यतीबरोबर जायची हौस असेल तर सिंगल निवडा. ताशी 17 किलोमीटर, जमतं. आठ जणांची बोट ताशी 22 ने जाते. भाड्याच्या सायकलवर हजार मीटरनंतर बोट पुढे आणि आपण बाकावर.

रविवार: अंतिम फेऱ्या आणि ट्रॅम

रविवार रेषेपाशीच काढावा. सावली कमी, टोपी ठेवा. खायला ब्रेड-चीज, तळलेले बटाटे आणि ‘बिटरबॉलन’. हे गोळे आलूवड्यासारखे दिसतात पण आत बहुधा मांसाचं सारण असतं, विचारून घ्या.

उन्हाळ्यात रविवारी जुन्या ट्रॅमगाड्यांची एक संग्रहालय-लाइन चालते, स्टेडियमजवळच्या हार्लेमर्मेर स्टेशनपासून जंगलाच्या कडेने. चालवणारे सगळे हौशी स्वयंसेवक. लाकडी बाक, पितळी हँडल, आणि कंडक्टर आजोबा तिकिटाला खरंच चिमटा मारतात. परतीला हीच घ्या.

सोमवार: रॉटरडॅमचा कोर्स

बोसबान बघून थांबलात तर अर्धंच पाहिलं. रॉटरडॅमच्या मेट्रोने बी लाइनच्या शेवटच्या नेसेलांडे स्टेशनला उतरा, तिथून सायकलने विलेम-अलेक्झांडर बान. 2013 ला सुरू झाला, 2016 ची जागतिक स्पर्धा इथे झाली. देशातली सर्वात खोल जमीन, समुद्रपातळीच्या 6.76 मीटर खाली, इथून जवळच आहे.

बोसबान मंदीत रोजगारासाठी झाली. हा कोर्स पुरासाठी झाला. तो ज्या पोल्डरमध्ये आहे, त्या एंद्राख्तपोल्डरमध्ये अतिवृष्टीच्या वेळी सुमारे 40 लाख घनमीटर पाणी मुद्दाम सोडून साठवता येतं. एरवी तिथे पाणथळ, पक्षी, सायकलींचे रस्ते आणि मधोमध कोर्स. बडोदेकराला इथे उभं राहून विश्वामित्रीची 26 फुटांची धोक्याची पातळी आठवल्याशिवाय राहत नाही. पुराचं पाणी कुठे बसवायचं याची जागा आधी आखायची आणि त्या जागेचा वर्षभर दुसरा उपयोग करायचा, हे काम रोइंगपेक्षा मोठं आहे. रोइंगने त्याला पैसा आणि निमित्त दिलं.

खेळाच्या दृष्टीने दोन्हींत फरक स्पष्ट जाणवतो. इथे झाडं नाहीत. वारा जोरात लागतो, पण सगळ्या लेनना जवळजवळ सारखा. न्यायाच्या बाजूने बघाल तर हा कोर्स सरस, बसून बघायला मात्र बोसबानच. काठ दोन्हीकडे उतरते आहेत. उभी भिंत लाट परत फेकते, उतार आणि दगड तिला जिरवतात. टोकियोत लाटा जिरवायला तरंगती यंत्रणा लावली तर तिच्यावर 14 टन कालवं (शिंपल्यातले प्राणी) चिकटली आणि ती बुडायला लागली. काढायला 14 कोटी येन लागले. गोड्या पाण्याला निदान तो ताप नाही.

भारतात मागे वळून बघितलं तर 1982 च्या एशियाडचं रोइंग जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झालं होतं, तो तलाव पुढे आटला. खणलेला कोर्स बघायचा तर पुण्यात लष्कराच्या रोइंग केंद्राचा आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात वल्हं हातात धरून रिओ ऑलिंपिकला सिंगलमध्ये तेरावा आला. ते आवार लष्करी आहे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा ओळख काढूनच जा.

नेसेलांडेला परतताना वारा समोरून असतो. सायकल परत करायची वेळ दुकानात विचारून अर्धा तास आधीची धरा. मंगळवारचं विमान असेल तर खिडकीची जागा मागून ठेवा. पट्टी बोसबानच्या बाजूची असली तर चाकं उचलल्यावर लगेच खाली जंगलात पाण्याची ती सरळ रेघ दिसते, आणि सकाळचे सहा वाजले असले तरी एखादा सिंगल निघालेला असतो.